हेडबाईची अर्धी गोळी

घरात त्यांना सगळे डॉक्टर म्हणत. ते डॉक्टर नव्हते. औषध कंपनीची बॅग घेऊन खऱ्या डॉक्टरांच्या दवाखान्यात पेशंटांच्या नजरा झेलत बसायचं आणि आत बोलावलं की तीन मिनिटांत सात गोळ्यांचे गुण गायचे, ही नोकरी त्यांनी एकतीस वर्षं केली. वकिलाच्या दारात इतकी वर्षं ठेवलं तर बाकडंसुद्धा कायदा बोलू लागेल. डॉक्टर तर बोलके होतेच. निवृत्तीनंतर बॅग माळ्यावर गेली, पण मेहुण्याचा खोकला, शेजारणीचे गुडघे, व्याह्यांचं पित्त यांचे फोन त्यांनाच येत. ते फी घेत नसत, त्यामुळे निदान चुकलं तरी कोणी तक्रार करत नसे. फुकट डॉक्टरच्या हातून माणूस मरत नाही. त्याची वेळच भरलेली असते.

त्यांची एक पद्धत होती. औषध द्यायचं ते गुपचूप. गुण आला की चारचौघांत जाहीर करायचं, "मीच अर्धी गोळी दिली होती." गुण आला नाही, तर आपण काही दिलंच नव्हतं. या पद्धतीमुळे एकतीस अधिक पाच वर्षांत त्यांचा एकही उपचार फसला नव्हता.

त्या रविवारी सकाळी मांजरीने दूध प्यायलं नाही.

मांजरीला घरात हेडबाई म्हणत, कारण ती फ्रिजवर बसून सगळ्यांकडे गृहपाठ न केल्यासारखं बघायची. आणली होती मुलीने, पण दोन वर्षांपूर्वी आजी राहायला आल्या आणि हेडबाईने स्वतःची बदली त्यांच्या खोलीत करून घेतली. आजी म्हणजे डॉक्टरांच्या सासूबाई. वय त्र्याऐंशी. सकाळी जेवल्या की नाही हे दुपारी आठवत नसे आणि शाळेतल्या मैत्रिणींची नावं मात्र बाकांच्या क्रमाने पाठ. जावयाच्या घरी राहणाऱ्या सासूला आवाज जपून वापरावा लागतो. आजी दिवसभर जपायच्या आणि उरलेला सगळा मांजरीवर खर्च करायच्या. हेडबाई ऐकून घ्यायची. त्या घरात मध्येच न तोडता ऐकून घेणारं दुसरं कोणी नव्हतं.

तर हेडबाईने दूध प्यायलं नाही. बायको आणि मुलगी बाजारात गेल्या होत्या, आजी आंघोळीला. डॉक्टरांनी मांजरीच्या कानांना हात लावला. कान गरम लागले. मांजराचे कान गरमच असतात. पण मांजरांसाठी त्यांच्या कंपनीने कधी काही काढलं नसल्यामुळे हा मुद्दा त्यांच्या अभ्यासात आलेला नव्हता. त्यांनी कपाटातून पाचशेची तापाची गोळी काढली. लहान मुलाला पाव देतात, मांजर त्याहून चिवट, म्हणून अर्धी. टॉवेलमध्ये गुंडाळून त्यांनी तिला गुडघ्यांत धरलं, जबडा उघडला आणि लोण्यात घोळवलेला तुकडा जिभेच्या मुळाशी ढकलला. हेडबाई अशी ओरडली की बाथरूममधून आजींनी विचारलं, "कोण पडलं?" सुटताना तिने डॉक्टरांच्या अंगठ्यावर तीन रेघा ओढल्या.

"कोणी नाही, आई," डॉक्टर म्हणाले. आठ वाजून पाच मिनिटं झाली होती.

दुपारी एकला हेडबाई पलंगाखाली सापडली. तोंड उघडं टाकून श्वास घेत होती. चेहरा सुजून गोल झाला होता, पुढचे पंजेही. मुलीने असा हंबरडा फोडला की वरच्या मजल्यावरचे लोक जिन्यात आले. नेहमीच्या पशुवैद्याचा दवाखाना रविवारी बंद. मग शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेलं प्राण्यांचं इमर्जन्सी हॉस्पिटल. गाडीत चौघंही निघाली, कारण आजींना घरी एकटं ठेवता येत नव्हतं आणि मांजर त्यांच्या मांडीवरच काय ती शांत राहत होती. वाटेभर आजी तिला सांगत होत्या, "आलं हं, आलं. पुढच्या वळणावर आलंच." त्या बाजूला त्या आयुष्यात कधी गेलेल्या नव्हत्या.

हॉस्पिटलात काउंटरवरच्या बाईने मांजरीकडे एकदा बघितलं, एकही फॉर्म पुढे न करता तिला उचललं आणि आत प्राणवायूच्या पेटीत नेऊन ठेवलं. तिला ज्यातून आणलं ती टोपली रिकामीच आजींच्या मांडीवर राहिली. बसायची जागा मधोमध पुस्तकांचं कपाट घालून कुत्रेवाले आणि मांजरवाले अशी विभागलेली होती. टीव्हीवर आवाज बंद करून मासे लावले होते. कपाटाच्या पलीकडून एक मोजेवाला गृहस्थ डोकावला. मोजेवाला म्हणजे त्याच्या कुत्र्याने मोजा गिळला होता.

"तिसऱ्यांदा," तो कौतुकाने म्हणाला. "आता घरात आम्ही सगळे अनवाणीच असतो. हा मेहुण्याचा. तुमच्याकडे काय?"

"माहीत नाही हो," बायको म्हणाली.

"माहीत असलेलं बरं असतं," मोजेवाला म्हणाला. "मागच्या वेळी आम्ही लपवलं. सासऱ्यांचा मोजा होता, म्हटलं उगाच वाद. चार तास नुसते पोटाचे फोटो काढत बसले."

डॉक्टर माशांकडे बघू लागले.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. तिशीच्या, केस घट्ट बांधलेले, मनगटावर जुन्या चाव्याचा व्रण. "सकाळपासून काय काय झालं, कोण सांगेल?"

"बाबा सांगतील," मुलगी म्हणाली. "ते डॉक्टर आहेत."

"हो? कसले?"

"जनरल," डॉक्टर म्हणाले.

"मग बरं झालं. काही खाल्लंय का तिने? घरातलं औषध, कांदा, कपाटातली डांबराची गोळी, कुंडीतलं पान?"

"छे. माझं औषध मी उघड्यावर ठेवत नाही," डॉक्टर म्हणाले, आणि हे अक्षरशः खरं होतं. "माशी चावली असणार. गांधीलमाशी. आमच्या खिडकीला पोळं आहे. चेहऱ्याची सूज बघा ना. ॲलर्जी."

पोळं दोन वर्षांपूर्वी होतं. ते काढायला आलेल्या माणसाला चहा बायकोनेच दिला होता. पण नवऱ्याने परक्यासमोर केलेलं विधान खोडायचं नाही, असं वळण तिला तिच्या आईनेच लावलेलं.

"असू शकतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि ॲलर्जीचं इंजेक्शन द्यायला आत गेल्या.

डॉक्टर उठून टॉयलेटमध्ये गेले. कडी लावली आणि फोनवर चार शब्द टाकले. उत्तर वाचायला चष्मा लागला नाही, कारण पहिलेच दोन शब्द मोठ्या अक्षरात होते: कधीही नाही. पुढे लिहिलं होतं की मांजराला अर्धी गोळीसुद्धा मारू शकते, रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं, चेहरा आणि पंजे सुजतात, आणि यावर उतारा आहे, मात्र जितका लवकर तितका बरा. तेव्हा दोन वाजायला दहा मिनिटं होती. डॉक्टरांनी ते पान शेवटपर्यंत वाचलं, मग इतर काय म्हणतात तेही बघितलं. सगळीकडे एकमत होतं. वैद्यकशास्त्रात इतकं एकमत त्यांनी एकतीस वर्षांत पाहिलं नव्हतं. त्यांनी फोन खिशात ठेवला, हात धुतले आणि बाहेर येऊन आपल्या जागेवर बसले.

त्यांना मांजर मरावी असं अजिबात वाटत नव्हतं. ते दुष्ट नव्हते. त्यांना फक्त ती आपोआप वाचायला हवी होती.

"अहो," बायको कुजबुजली, "तुम्ही आत जाऊन बोला ना जरा. तुमच्या भाषेत."

"डोक्यावर बसून काम होत नसतं. करू दे त्यांना."

"बाबा, ती वाचेल ना?" मुलीने विचारलं. ती बावीस वर्षांची होती, नोकरीला लागलेली, पण तापात असताना लहानपणी जो चेहरा करायची तो आता केला होता. त्या चेहऱ्याला डॉक्टरांनी आजवर कधी 'माहीत नाही' म्हटलं नव्हतं.

"इंजेक्शन लागू पडेल," ते म्हणाले. "वेळ लागतो."

अडीच वाजता डॉक्टरीणबाई पुन्हा आल्या. "इंजेक्शनचा काही फरक नाही. मी परत विचारते. काहीच खाल्लं नाही ना?" आणि मग डॉक्टरांच्या हाताकडे बघून, "अंगठ्याला काय झालं?"

"गुलाब," डॉक्टर म्हणाले. "छाटणी करत होतो."

"आपल्याकडे गुलाब कुठाय?" आजी म्हणाल्या.

"आई, शेजारच्यांचा," बायको म्हणाली. आजी ओशाळल्या. अलीकडे असं फार व्हायचं. काही बोलायला जावं आणि ते चुकीचंच निघावं.

पलीकडे मोजेवाल्याला आत बोलावलं. दहा मिनिटांनी तो विजयी मुद्रेने एक पारदर्शक पिशवी नाचवत बाहेर आला. "निघाला! आणि मेहुण्याचा नाहीच, माझाच आहे!"

तीनला पाच कमी असताना डॉक्टरीणबाई आल्या त्या बसल्याच नाहीत. हातात सिरिंज होती. "हे तिचं रक्त. बघा. लाल नाहीये, चॉकलेटी आहे. माशीने असं होत नाही. हे होतं ते तापाच्या गोळीने, नाहीतर कांद्याने, नाहीतर डांबराच्या गोळीने. तापाच्या गोळीवरचा उतारा मी काढून ठेवलाय. पण किती द्यायचा, दुसऱ्या मांजराचं रक्त चढवायचं का, की आधी पोट साफ करायचं, हे नुसत्या अंदाजावर केलं तर ती टेबलावरच जाईल. मला काय, किती आणि किती वाजता एवढंच हवंय. कोणी दिलं ते मला नकोय. मी पोलीस नाही."

मग मुलगी वळली. हळूहळू वळली, कारण काय विचारायचंय ते तिला वळता वळताच कळत होतं.

"बाबा. गोळ्या तुमच्याच कपाटात असतात ना?"

आता एक वाक्य पुरलं असतं. मी दिली, अर्धी, आठ वाजता. डॉक्टरांनी तोंड उघडलंसुद्धा. पण बायको बघत होती, मुलगी बघत होती, काउंटरवरची बाई बघत होती. खापर फोडायला एक डोकं लागतं, आणि ते शक्यतो पांढऱ्या केसांचं असावं, म्हणजे आवाज होत नाही. डॉक्टर आजींकडे वळले. पेशंटशी बोलायचा त्यांचा एक मऊ आवाज होता. त्या आवाजात त्यांनी विचारलं,

"आई, तुम्ही सकाळी हेडबाईला गोळी दिलीत का हो? घाबरू नका. आठवून सांगा."

आजींनी टोपली घट्ट धरली. "मी?"

"तिने दूध घेतलं नाही म्हणून तुम्हाला काळजी वाटली असेल. तुमच्या उशाशी पाकीट असतं बघा. तुमची ती तापाची."

"हो, पाकीट असतं," आजी म्हणाल्या. त्यांना निदान तेवढं तरी पक्कं ठाऊक होतं.

"मग त्यातली अर्धी दिलीत. मायेनेच दिलीत."

आजींनी लेकीकडे बघितलं, नातीकडे बघितलं. तिघांच्याही चेहऱ्यावर त्यांनी हो म्हणावं अशी निकड होती. पेटीत त्यांची मांजर होती. "दिली असेन," त्या म्हणाल्या.

"आजी!" मुलगी किंचाळली.

"अर्धी," डॉक्टरांनी पुढचं स्वतःकडे घेतलं. "पाचशेतली, म्हणजे अडीचशे. आठ वाजून पाच मिनिटांनी."

डॉक्टरीणबाई त्यांच्याकडे क्षणभर बघत राहिल्या. "आठ वाजून पाच."

"अंदाजे."

"अंदाज छान आहे," त्या म्हणाल्या आणि धावत आत गेल्या.

नंतरचे तीन तास मुलगी आजींपासून चार खुर्च्या लांब बसली. बायकोने आईला एकदाच विचारलं, "कितीदा सांगितलंय, विचारल्याशिवाय काही करत जाऊ नकोस म्हणून?" आजी म्हणाल्या, "सांगितलंयस." मग बराच वेळ त्या आपले दोन्ही हात उलटसुलट करून बघत बसल्या. मोजेवाला जाताजाता थांबला आणि डॉक्टरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुम्ही होतात म्हणून बरं झालं. नाहीतर म्हातारी माणसं बोलत नाहीत हो." डॉक्टरांनी खांदा काढून घेतला नाही.

सहाच्या सुमारास हेडबाईच्या हिरड्यांना रंग आला. रक्त चढवावं लागलं, उतारा दर काही तासांनी चालू राहिला, तीन दिवस मुक्काम झाला. पण ती जगली.

चौथ्या दिवशी तिला आणायला डॉक्टर आणि मुलगी गेले. डॉक्टरीणबाईंनी औषधाचं वेळापत्रक दिलं, मग मुलगी टोपली घेऊन पुढे गेल्यावर म्हणाल्या, "गुलाबाच्या काट्याचं इंजेक्शन घेतलंत का? मांजराच्या नखांनी फार वाईट पिकतं. म्हणजे, नखं असती तर."

"बरं झालं ते," डॉक्टर म्हणाले. अंगठा त्यांनी खिशात घातला होता. "तुम्ही काही बोलणार आहात का?"

"कोणाशी? माझे पेशंट बोलत नाहीत. म्हणून तर हे काम घेतलं." त्यांनी पुढच्या टेबलावरच्या कासवाकडे तोंड वळवलं.

त्या संध्याकाळी मुलीने हॉस्पिटलच्या पानावर आपला अनुभव लिहिला. पाच तारे. 'वेळेवर उपचार आणि प्रेमळ स्टाफ. माझे वडील स्वतः डॉक्टर असल्यामुळे त्यांनी प्रसंगावधान राखून नेमकी मात्रा आणि वेळ शोधून काढली, म्हणून आमची हेडबाई आज आमच्यात आहे. घरात वयस्कर माणसं असतील तर कृपया औषधं त्यांच्या हाती लागू देऊ नका.' तीनशे बारा लोकांना तो उपयुक्त वाटला. हॉस्पिटलने परवानगी मागून तो मोठ्या अक्षरांत छापला आणि हेडबाईच्या फोटोसह मांजरवाल्यांच्या बाजूला लावला. नातेवाइकांचे फोन आले. मेहुणा म्हणाला, "डॉक्टर, मांजरसुद्धा वाचवलंत म्हणजे कमाल आहे!" डॉक्टर म्हणाले, "निरीक्षण लागतं." दोन दिवसांनंतर त्यांना स्वतःलाही ते बरंचसं पटू लागलं. तिसऱ्या दिवशी त्यांना सासूबाईंचा थोडा रागही आला.

घरात सुधारणा झाल्या. आजींच्या उशाचं पाकीट कुलपात गेलं. आजींच्या खोलीचं दार बंद ठेवायचं ठरलं, मांजर आत जाऊ नये म्हणून. "तसं नाही गं आई," बायको म्हणाली, "पण परत काही झालं तर?" हेडबाई पहिले काही दिवस दाराबाहेर बसून नखांनी फळी ओरबाडायची. मुलगी येऊन तिला उचलून न्यायची. आजी आतून काही बोलत नसत. बोललं तर ती जास्त ओरबाडते, हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

आजींना त्यांच्या गोळ्या आता डॉक्टर स्वतः द्यायचे, समोर उभे राहून. गिळली की तोंड उघडायला लावायचे, जीभ वर करायला लावायचे. कुठे लपवून ठेवली आणि पुन्हा मांजराला घातली, तर कोण निस्तरणार?

आजी कुरकुर करत नसत. त्यांचं दुसरंच काही चाललं होतं. आपण केलं ते आपल्याला आठवत नाही, हे त्यांना पहिल्यांदाच लाजिरवाणं वाटू लागलं होतं. जेवण विसरणं वेगळं. म्हणून त्या आठवायला बसल्या, आणि जिथे अडलं तिथे जावयाला विचारू लागल्या, कारण घरात त्या सकाळची नेमकी माहिती एकट्या त्यालाच होती.

पहिल्या दिवशी विचारलं, "जावईबापू, मी गोळी दुधातून दिली का हो?"

"लोण्यातून," डॉक्टर म्हणाले. तोंडून निघून गेलं.

"लोणी. बरोबर. तिला आवडतं." आजींनी ते मनात लावून ठेवलं. दुसऱ्या दिवशी, "मी कुठे बसले होते? पलंगावर?" डॉक्टर म्हणाले, "खुर्चीवर." तिसऱ्या दिवशी टॉवेल निघाला. चौथ्या दिवशी आजींनी सगळं सलग म्हणून दाखवलं, खुर्ची, टॉवेल, लोणी, अर्धी गोळी, आठ वाजून पाच, आणि डॉक्टरांनी मान हलवली, पाढा बरोबर आल्यासारखी. लेकीला त्यांनी ते सांगितलं तेव्हा लेक डॉक्टरांना म्हणाली, "बघा, मनात आणलं तर सगळं आठवतं हिला."

त्यानंतरच्या रविवारी दुपारी डॉक्टर गोळी आणि पाणी घेऊन गेले, तर आजी खिडकीपाशी हात मांडीखाली दाबून बसल्या होत्या. हल्ली अशाच बसायच्या.

"जावईबापू, शेवटचं एक विचारते. मग नाही त्रास देणार."

"विचारा."

"मी जबडा धरला तेव्हा ती ओरडली का हो? मला ओरडणं आठवतंय. पण ते लांबून आल्यासारखं आठवतंय. भिंतीपलीकडून. माझ्याच हातात असताना असं लांबून कसं ऐकू येईल?"

डॉक्टरांनी पाण्याचा पेला खिडकीत ठेवला. दाराबाहेर काही हललं नाही. मांजरीने आता यायचं सोडलं होतं.

"नाही ओरडली," ते म्हणाले. "शांत बसली होती. तुमच्या मांडीवर."

"खरं?"

"मी बघितलं ना."

आजींच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. त्या दिवसापासून पहिल्यांदाच त्या हसल्या. "म्हणजे तिला वाटलं असेल, हिच्या हातून काही वाईट व्हायचं नाही," त्या म्हणाल्या. "बिचारी."

मग त्यांनी हात मांडीखालीच ठेवून, गोळीसाठी तोंड उघडलं.